चैत्याचा मामा उपाशी

१

कौसाबाई वाघदेवापुढे मरून पडली होती आणि तिच्या दोन्ही पायांत वहाणा होत्या. जमलेलं सगळं उमरघाट तिच्या मानेकडे बघत होतं. सालेहाबी तेवढी पायांकडे बघत होती.

नवापूरहून घाट चढून चार कोस वर आलं, की डोंगराच्या खांद्यावर उमरघाट लागतं. आठवड्याचा बाजार, महालकऱ्यांची कचेरी, दोनशे-सव्वादोनशे घरं. गावापासून दीड मैलावर चैत्याची वस्ती, चौदा झोपड्यांची. वस्तीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला लाकडी खांब आहे, त्यावर वाघ कोरलेला, तोच वाघदेव. त्याची पूजा चैत्याकडे, आणि गावाच्या त्या अंगाची राखणही चैत्याकडेच, कारण तो गावचा जागल्या. १९३६ सालचा वैशाख होता. सकाळीच दगड तापायला लागले होते.

गेल्या महिन्याभरात बिबट्यानं गावातून पाच शेळ्या आणि एक वासरू उचललं होतं. आता माणूस गेलं. लोक भेदरले होते, आणि भेदरलेल्या लोकांना कोणीतरी एक दोषी लागतोच. तो दाखवायला करणसिंग खांद्यावर बंदूक टाकून हजर होता. करणसिंग म्हणजे गावचा ठेकेदार. लाकडाचा ठेका त्याचा, नाक्याचा त्याचा आणि होळीपासून मेलेल्या ढोरांच्या हाडांचाही त्याचाच.

"आखो काय पुरावा पाहिजे, रावसाहेब?" तो महालकऱ्यांना म्हणाला. "हाऊ चैत्या वाघले पूजस, वाघले बलावस. आते त्याले माणूस चढावं. ही वस्ती आठेन उठाडा आनि वाघ मन्हावर सोडा."

महालकरी तरुण होते, धुळ्याहून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि जागच्या जागी हुकूम दिला. चैत्याला चावडीच्या कोठडीत टाका. परवा दुपारच्या आत वस्ती मोडा. चौदा घरं मोडायला त्यांना चौदा शब्दसुद्धा लागले नाहीत.

चैत्याची बायको रूपलीबाई खांबाला धरून उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

"रावसाहेब, जरा थांबा," सालेहाबी पुढे झाली. "हाई बाईना वहाणा उलट्या शेतस."

पंचावन्नची बाई. नवरा नासिर गेल्यापासून कातडी कमावायची कुंडं एकटीनं चालवणारी. हाताला तरवडाच्या सालीचा तांबडा रंग कायमचा बसलेला, आणि तीस वर्षं त्या वासात काढून नाक पार मेलेलं. अत्तर आणि शेण तिला सारखंच. पण नाक गेलं तरी डोळे आणि जीभ शाबूत होती, आणि गाव दोन्हींना वचकून असे.

"उलट्या म्हणजे?" महालकऱ्यांनी विचारलं.

"डावी उजव्या पायमा, उजवी डाव्या पायमा. मीच शिवेल शेतस. तिना डाव्या पायले भोवरी व्हती, तठे टेकाले मी तळमा खोलगा करेल शे. दखा, तो खोलगा उजव्या पायखाल उना."

करणसिंग हसला. "वाघनी मान धरी, आनि तू वहाणा दखी ऱ्हायनी?"

लोकही हसले. भीतीतल्या माणसाला हसायला निमित्त पुरतं. सालेहाबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कौसाबाईबरोबर तिनं पंचवीस वर्षं एका गल्लीत काढली, दुपारच्या वेळी एका काडीवर दोन विड्या पेटवल्या, ती इथं उघड्यावर पडली होती आणि हे लोक दात काढत होते. तिनं खाली वाकून दोन्ही वहाणा काढून घेतल्या. कोणी अडवलं नाही. मेलेल्या म्हातारीच्या वहाणा कोणाला हव्या होत्या?

घरी येऊन तिनं त्या पालथ्या केल्या. तळाचं कातडं पांढुरकं पडलेलं आणि कडांना तडकलेलं. तिनं तळ नखानं खरवडून पाहिला.

हा चुना होता. ओला चुना. आणि गावात चुना होता तो फक्त तिच्याच कुंडापाशी.

२

कातड्यावरचे केस सोडवायला चुना लागतो, एवढं गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. पण सालेहाबीच्या चुन्याचं पोतं होळीपासून तोंड बांधूनच पडलं होतं. कातडीच येत नव्हती, तर चुना कशाला भिजवायचा? मग कौसाबाईचा पाय पडला कुठल्या चुन्यात?

वाघदेवाची वाट तांबड्या मुरमाची. तिथं चुन्याचा कण नाही. आणि बिबट्यानं मान धरून बाईला दीड मैल ओढत नेली असती तर वहाणा वाटेत कुठेतरी गळून पडल्या असत्या. त्या आपणहून परत पायांत चढत नाहीत, आणि चढल्याच तर पाय बदलून चढत नाहीत. त्या माणसाच्या हातानं घातल्या होत्या. दोन्ही वहाणा सारख्याच, असं समजणाऱ्या माणसाच्या.

ती तडक चावडीवर गेली. कोठडीच्या गजांमागे चैत्या उकिडवा बसला होता. साठीचा माणूस. तरवडाची साल डोक्यावर वाहून तिच्याकडे आणून टाकायचा, त्याला वीस वर्षं झाली होती. घरी तो भिलीत बोले, पण बाजारात येऊन बाजाराची अहिराणी शिकला होता.

"भो, वाघ गावमा काबरं येस रे?"

चैत्यानं तोंडावर बोट ठेवलं. "नाव नको लेऊ, बी. मामा म्हन."

त्याच्या वस्तीत जनावराचं नाव घेत नसत. पोटभर असलेलं जनावर नाव घेतल्यावर ऐकून सोडून देतं, पण उपाशी असलेलं हाक आली असं समजतं, म्हणून तेव्हा तर मुळीच घेत नसत. सालेहाबीला हे ठाऊक होतं. वस्तीत जाऊन ज्यानं कधी पाणी प्यालं असेल त्या कोणालाही हे ठाऊक असतं.

"बरं, मामा. मामा गावमा काबरं येस?"

"उपाशी शे. हाडक्या माळवर काहीच नही. गिधाडबी उडी गयात."

हाडक्या माळ म्हणजे वस्तीच्या पलीकडची उघडी जागा. उमरघाटात ढोर मेलं की तिथं नेऊन टाकत. कातडं सालेहाबीकडे येई, बाकीचं गिधाडं, तरस आणि बिबट्या वाटून घेत. सगळ्यांचं पोट भरे आणि गावाकडे कोणी फिरकत नसे. ही रीत कोणी घालून दिली, कोणाला माहीत नव्हतं.

"मंग तू कोनले सांगं काबरं नही?" सालेहाबी कडाडली.

चैत्या गजांजवळ सरकला. "सांगं ना, बी. तीन डाव सांगं. आठेच चावडीवर जाईसन सांगं. त्या सायेबनी लिखीबी लिधं."

३

'तो सायेब' म्हणजे अव्वल कारकून धोंडोपंत. अक्षर मोत्यासारखं, आणि नेमणूक होऊन तीन वर्षं झाली तरी या मुलखाची बोली कानाला लागू न दिलेली. "वर्दीची वही जनतेला दाखवण्याचा प्रघात नाही," असं ते आधी म्हणाले. मग सालेहाबीनं पदर खोचलेला पाहून त्यांनी वही उघडली.

"पहिली नोंद, चैत्र शुद्ध पंचमी. 'जागल्या चैत्या हजर होऊन निवेदन करतो की त्याचा मामा उपाशी आहे. मामाने स्वतः हजर व्हावे, असे समजावून दिले. निकाली.'"

सालेहाबीनं दाराची चौकट धरली.

"दुसरी. 'चैत्या पुन्हा हजर. मामा अद्याप उपाशी. उपाशी इसमांस धान्य देण्याची तरतूद महालात नाही. निकाली.'" धोंडोपंतांनी पान उलटलं. "तिसरी. 'मामा आता गावात येणार, असे सांगतो. येण्यास हरकत नाही. निकाली.'"

"हरकत नही?" सालेहाबीचा आवाज चिरकला. "पंत, तुमनी वाघले लेखी परवानगी दिधी!"

धोंडोपंतांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला, पण तोंडातून निघालं ते इतकंच, "त्याने स्पष्ट वाघ म्हणायला हवे होते."

म्हणजे म्हाताऱ्यानं तीन वेळा डोंगर उतरून यायचं, हात जोडून सांगायचं, आणि वर दोष त्याचाच, कारण तो साहेबाच्या भाषेत घाबरला नाही! ज्यानं गावाला तीनदा सावध केलं तोच कोठडीत, आणि ज्यानं तीनदा निकाली काढलं तो पंख्याखाली. सालेहाबीला त्या मोत्यासारख्या अक्षराचा इतका संताप आला की वही भिरकावून द्यावी असं वाटलं. ती बाहेर पडली. हातात एकच दिवस उरला होता.

हाडक्या माळ रिकामा का? यंदा ढोरं मेलीच नाहीत का? दुसऱ्या दिवशी सकाळी, वहाणांना लागलेला चुना दाखवून, तिनं आधी करणसिंगलाच हे विचारलं. तो नाक्यावर बाजेवर बसला होता.

"देवनी दया शे," तो म्हणाला. "यंदा ढोरे मरतच नहीत. तुन्हा धंदा बसना, ते मी काय करू?" आणि नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "पन तुन्हा कुंडना वास ते वाढनाच, सालेहाबी."

पुढे तापीबाईचं घर. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती.

"मन्हा बैल ते शिमगानंतर आठ दिनमा गया," तापीबाईनं सांगितलं. "मन्हा जेठना दोन गयात. करणसिंगनी गाडी येस नि लई जास."

"कोठे लई जास?"

"कोठे म्हंजे? हाडक्या माळवर. आखो कोठे नेतीन?" सूप थांबवून तिनंही तोंड वाकडं केलं. "पन काय वं माय, तुन्हा वास ते आते झोपूबी देत नही. होळीपासून लई वाढना."

सालेहाबीनं ओठ चावला. चामडगल्लीतली बाई म्हणून लोक आयुष्यभर नाक धरत आले होते. त्याचं तिला नवल नव्हतं. पण एका दिवसात दोघांनी, आणि दोघांनीही 'वाढला' म्हणावं?

गल्लीच्या तोंडाशी सुमेरमल शेठजी पितळी परात घेऊन उभे होते. किराण्याचं दुकान, जैन घर, मुंगीसुद्धा वाचवून चालणारा माणूस. चामडगल्लीत त्यांचं एक गोदाम होतं, सालेहाबीच्या कुंडाला भिंत लागून. ते त्यांनी करणसिंगला मोहाची फुलं साठवायला दिलं होतं. शेठजी रोज सकाळी त्याच कोपऱ्यावर गल्लीतल्या कुत्र्यांना रोट्या टाकत. आज परात भरलेलीच होती आणि शेठजींचे डोळेही.

"सालेहाबी, मन्हा काय पाप व्हयनं व्हई?" ते म्हणाले. "दोन महिना व्हयनात. कुत्रा येतस, रोटी सुंघतस आनि निंघी जातस. लाडकंवर म्हनस, तुमना हातना धरम देवले पोचत नही."

लाडकंवर म्हणजे त्यांची बायको. सालेहाबीनं कुत्र्यांकडे पाहिलं. पंधरा-वीस होती, आणि सगळी कशी तुकतुकीत. उपाशी एकही दिसेना.

"शेठजी, कुत्रा मोटा व्हयनात ना?"

"तेच ते! खातस काय, काय माहीत."

सालेहाबी काही बोलणार तोच दवंडीचा डफ वाजला. करणसिंगनं महालकऱ्यांच्या कानी घातलं होतं, की म्हातारीच्या वहाणांना चुना लागल्याचं सालेहाबी स्वतःच सांगत फिरते आहे, आणि गावात चुना आणि दुर्गंधी एकाच जागी आहे. वाघ त्या दुर्गंधीनंच गावात येतो. सबब उद्या दुपारी वस्ती मोडल्यावर सालेहाबीची कुंडंही बुजवली जातील.

४

त्या संध्याकाळी रूपलीबाई डोंगर उतरून सालेहाबीच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. वस्तीत सगळ्यांनी मडकी दोरीला बांधून ठेवली होती, एवढंच तिनं सांगितलं.

"कोठे जाशात?" सालेहाबीनं विचारलं.

"माहीत नही, बी. मन्ही सासू तठेच गई, मन्हा दोन पोरे तठेच गाडेल शेतस. त्यासले कसं लई जाऊ?"

रूपलीबाई गेल्यावर सालेहाबी रिकाम्या कुंडांच्या कठड्यावर बसून राहिली. तळाशी चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं. शिमग्यापासून यात एक कातडं भिजलं नव्हतं. इथं वास येण्यासारखं काय होतं?

आणि ती ताडकन उभी राहिली. काहीच नव्हतं! तिला स्वतःला वास येत नव्हता म्हणून दोन महिने ती गावाची बोलणी मुकाट्यानं ऐकत होती. नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. गावाला नाक होतं, पण गावाला वास आला की ते फक्त तिच्याकडे बोट दाखवी आणि पुढे जाई. शोधायची कोणाला गरज? चामड्याची बाई आहे ना गल्लीत, मग झालं!

तिनं मनाशी एकेक शेळी मोजली. पाची शेळ्या आणि ते वासरू कुठून गेलं? सगळी चामडगल्लीतून नाहीतर तिच्या घराच्या पाठीमागून. वस्तीच्या बाजूनं एकही नाही. वस्तीनं बोलावलेला वाघ वस्तीच्या अंगानं यायला हवा होता.

५

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला तेव्हा कुदळी-फावडी घेऊन माणसं चावडीपुढे जमली. महालकरी घोड्यावर बसणार, तोच सालेहाबीनं लगाम धरला.

"रावसाहेब, पहिले मन्हा कुंड बुजा. वस्ती मंग मोडा. कुंड जवळ शेतस, चाळीस पाऊले."

महालकरी वैतागले, पण उतरले. मागोमाग सगळं गाव. कुंडाशी येताच सगळ्यांनी नाकं धरली. सालेहाबी हौदात उतरली आणि वाळल्या चिखलाचं ढेकूळ उचलून महालकऱ्यांपुढे धरलं.

"सुंघा."

"बाई, हा काय प्रकार—"

"सुंघा, रावसाहेब. मन्हा कुंड बुजाले उनात, ते इतलं करा."

त्यांनी हुंगलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "माती आहे नुसती. याला कसला वास नाही."

"मंग तुमनी नाक कसाले धरेल शे?"

कोणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नाकं धरलेलीच होती.

"होळीपासून मन्हा कुंड कोरडा शेतस," सालेहाबी म्हणाली, "आनि होळीपासूनच वास वाढना. होळीलेच करणसिंगले हाडेसना ठेका भेटना. तापीबाईना बैल गया, तिना जेठना दोन गयात, पन हाडक्या माळवर एकबी उना नही. चैत्यानी ते तीन डाव सांगं. पंत, वाची दखाडा."

धोंडोपंतांनी वही मागे लपवली. महालकऱ्यांनी हात पुढे केला, ती घेतली आणि तिन्ही नोंदी मनात वाचल्या. 'मामा' म्हणजे काय ते सालेहाबीनं सांगितलं. महालकऱ्यांचे कान लाल झाले.

"शेठजी, रोटी टाका," सालेहाबी सुमेरमलना म्हणाली.

शेठजींनी परातीतून एक रोटी फेकली. कुत्री आली, हुंगली आणि वळली. गोदामाच्या दाराखाली फट होती आणि तिथून पांढरट पाण्याचा ओहळ गल्लीत उतरत होता. कुत्री ओहळ टाळून त्या फटीत तोंडं खुपसायला लागली.

"मोहाची फुलं आहेत आत," करणसिंग पुढे झाला. आता तो साहेबाच्या मराठीत बोलत होता. "आंबलीत. किल्ली नवापूरला राहिली."

"दुसरी मन्हाजवळ शे," सुमेरमल म्हणाले.

दार उघडलं आणि पुढची माणसं मागच्यांवर कोसळली. आत ढोरांची मढी रचलेली होती. अर्धी कापलेली, वर चुन्याची पोती रिकामी केलेली, एका बाजूला हाडांचा ढीग, नवापूरच्या स्टेशनावर जायला गोण्यांत भरलेला. सुमेरमलनी एकदाच आत पाहिलं. मग ते भिंतीला धरून खाली बसले, परात उलटी झाली, आणि त्यांनी तिथंच हात जोडले. ज्या भिंतीआड हे चाललं होतं त्याच भिंतीबाहेर ते रोज पुण्य करायला येत होते.

गोण्यांच्या मागे राख सांडलेली होती आणि त्यात एक वेताची पाटी पडली होती. तापीबाईनं ओळखली. "हाई ते कौसाबाईनी पाटी! रोज पहाटी राख टाकाले जाये ती, मांगला अंगले."

"ठेका माझा आहे," करणसिंग ओरडला. "हाडांवर हक्क माझा! माळावर टाकली की जनावरं निम्मी हाडं पळवतात. मी इथं कापली तर कोणता गुन्हा? वाघानं मारलं बाईला, मी नाही!"

"तू नही मारं," सालेहाबी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. "मामा वास घेत उना. कौसाबाई राख टाकाले आडवी उनी. तो बिचकना, त्यानी मान धरी. खाई नही, एक घासबी नही. इतलं त्यानं. पुढलं तुन्हं. पहाटले तू उना, तुले ती गोदाममांगे चुनामा पडेल दिसनी. तू हाक मारी नही. पाटी आत फेकी, तिले हाडेसना गाडीमा टाकी, दीड मैल नेई, वाघदेवपुढे ठेवी. वाटमा वहाणा गळन्यात, त्या तू घाली दिध्यात, उलट्या. आनि माळ रिकामा शे हाई फक्त वस्तीले दिसे, म्हनीसन वस्तीच उठाडाले निंघना."

करणसिंगनं गावाकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "मेलेलीच होती ती. मेलेली बाई इथं काय न तिथं काय?"

हे तो महालकऱ्यांसमोर, भर दिवसा, सगळ्या गावासमोर बोलला. सालेहाबीला वाटलं होतं की पकडल्यावर त्याची मान खाली जाईल. गेली नाही. आपलं काय चुकलं हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. तिनं आयुष्यात हजार मेलेली ढोरं हाताळली होती आणि एकाही ढोराबद्दल ती असं बोलली नव्हती. तिच्या तोंडात शिवी आली, पण शिवीही कमी पडेल असं वाटून तिनं गिळली. तापीबाईनं गिळली नाही.

६

करणसिंगला शिपायांच्या पहाऱ्यात धुळ्याला धाडलं. पुढे त्याचं काय झालं, किती झालं, हा कोर्टाचा मामला; असल्या माणसांना वकील चांगले मिळतात. गोदामातलं सगळं त्याच दुपारी गाड्यांतून हाडक्या माळाकडे निघालं, पण चुना माखलेलं तेवढं खड्डा खणून पुरलं, कारण ते खाऊन जनावरं मेली असती. हे चैत्यानं सांगितलं. कोठडीतून सुटून आल्यावर त्याचं पहिलं वाक्य तेच होतं.

वाघ मारायची परवानगी मागायला दोघे-तिघे अजून उभे होते. महालकऱ्यांनी चैत्याला विचारलं, जनावर पुन्हा माणसावर येईल का? चैत्या म्हणाला, माळावर पोट भरायला लागलं की आठ-दहा दिवसांत परत जाईल, तोवर गावानं जपायला हवं. मारलात तर त्याच्या जागी दुसरा येईल, आणि त्याला गावाची ओळख नसेल.

मग महालकरी चावडीच्या ओट्यावर बसले. चूक झाली हे त्यांना कळलं होतं. ती मोठ्या मनानं दुरुस्त करावी असंही वाटत होतं. त्यांनी घसा साफ केला.

"चैत्या, तुझ्या वस्तीला इथे राहण्याची मी परवानगी देत आहे."

गावाला बरं वाटलं. सालेहाबीला काही बरं वाटलं नाही, पण तिच्याआधी चैत्याच बोलला, आवाज न चढवता.

"सायेब, तुमनी ती लिखी ठेवा. पन उमरघाटले आठे ऱ्हावानी परवानगी आमना आजानी दिधी. ती कोठे लिखेल शे?"

महालकऱ्यांनी धोंडोपंतांकडे पाहिलं. धोंडोपंतांनी वहीकडे पाहिलं. तसली नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

"नही ना?" सालेहाबी म्हणाली. "मंग आते लिखा. तो सांगी तसंच. त्याना शब्द बदलू नका."

धोंडोपंतांनी टाक बुडवला. चैत्या ओट्याखालीच उभा राहिला आणि थांबून थांबून सांगू लागला, कारण लिहिणाऱ्याचा हात हळू चालत होता. मेलेलं ढोर त्याच दिवशी माळावर गेलं पाहिजे, गावात एक रात्र राहता कामा नये. हाडं कोणाला हवी असतील तर गिधाडं उठल्यावर उचलावीत. दिवेलागणीआधी शेळ्या कुडात, आणि कुडाला वरून छप्पर. बायकांनी पहाटे एकेकटीनं बाहेर पडू नये. दोघी-तिघींनी, कंदील घेऊन, बोलत जावं. इथं त्यानं शेठजींकडे वळून पाहिलं. कुत्र्यांना रोटी ज्यानं त्यानं आपल्या दारात टाकावी, गल्लीच्या कोपऱ्यावर कळप जमवू नये. मामाला कुत्रं फार आवडतं. सुमेरमलनी दोनदा मान हलवली. आणि वस्तीतून कोणी काही सांगायला आलं, तर समजलं नाही म्हणून निकाली काढू नये, समजेपर्यंत विचारावं.

हे शेवटचं लिहिताना धोंडोपंतांचा टाक अडखळला, पण त्यांनी लिहिलं. शब्द न बदलता लिहिलं. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. भिलीमिश्रित अहिराणी त्यांच्या तोंडी फार चमत्कारिक वाटत होती, तरी कोणी हसलं नाही.

"खाली सही कोणाची?" त्यांनी विचारलं आणि सवयीनं शाईची गादी चैत्यापुढे सरकवली. "लाव अंगठा."

चैत्यानं हात मागे घेतला.

"मी कसाले? आमी ते पाळतच उनूत," तो म्हणाला. "आंगठा तुमी लावा."